दुधाचा वाडगा

पान नखाने वर उचललं आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. काचघरात मी एकटीच होते, त्यामुळे ऐकायला कुणी नव्हतं. असतं तरी दिलीच असती. टोमॅटोचं रोप चांगलं वीतभर झालेलं, खोड जाड आणि ताठ, आणि शेंड्याच्या कोवळ्या पानावर मात्र फिकट आणि गडद हिरवे चट्टे, जुन्या चादरीचा रंग कुठे उडावा आणि कुठे राहावा तसे. पानाच्या कडा आत वळलेल्या. मी शेजारचं रोप पाहिलं. तेच. मागच्या ओळीतलं, पलीकडच्या फळीवरचं, दाराजवळच्या ट्रेमधलं, सगळीकडे तेच.

पाणी जास्त झालं की टोमॅटोची पानं खालून पिवळी पडतात. थंडी लागली की मागच्या बाजूने जांभळी होतात. ऊन कमी पडलं की रोप नुसतं उंच वाढतं आणि लुळं पडतं. ही सगळी दुखणी मी पाहिली आहेत आणि निस्तरलीही आहेत. हे त्यातलं नव्हतं. हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, ज्या बाईंकडे मी रोपं करायला शिकले त्यांच्या शेडमध्ये. त्या म्हणाल्या होत्या, हा तंबाखूचा रोग. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले, म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं, आणि ते येतं विडी-सिगारेट धरणाऱ्याच्या बोटांवरून. औषध नाही. उपटायचं, जाळायचं आणि पुन्हा बी पेरायचं.

तंबाखू हा शब्द मनात आला मात्र, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कारण माझ्या काचघरात रोज बोटं फिरवणारा माणूस एकच होता, आणि त्या माणसाने माझ्यासमोर, डॉक्टरांसमोर आणि पोटच्या मुलीसमोर शब्द दिला होता.

आमच्या ह्यांनी आयुष्यभर बस चालवली. बस चालवताना ओढता येत नाही म्हणून शेवटचा थांबा आला की आधी सिगारेट पेटायची, मग प्रवासी उतरायचे. घरात ओढत, अंगणात ओढत, मुलीला शाळेत सोडायला जाताना ओढत. मी घराच्या मागच्या बाजूला जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून हे काचघर उभं केलं, तेव्हा पहिला नियम ह्यांच्यासाठीच झाला: उंबरठ्याच्या आत पाय टाकायचा नाही. त्यांना माझ्याशी बोलायचं असलं की ते दाराबाहेर उभे राहत आणि चहाचा कप हात लांब करून आत देत. इतकी वर्षं नवरा दारात आणि मी आत. लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

दुसरा नियम सगळ्यांसाठी होता. दाराशी स्टुलावर दुधाचा वाडगा. आत येणाऱ्याने साबणाने हात धुवायचे, मग ते दुधात बुडवायचे आणि न पुसता आत यायचं. दुधाने त्या रोगाचा जोर मरतो, हे मला त्या बाईंनीच शिकवलं. रोपं घ्यायला येणारे विचारायचे, मांजर पाळलंय का. मी म्हणायचे, हो, मांजर पाळलंय, हात घाला. एका बाईंनी तर दूध वाया जातं म्हणून मला अर्धा तास ऐकवलं. मी त्यांना रोपं दिली नाहीत. वाडग्यातून सूट फक्त मला होती. मी कधी तंबाखूला शिवलेली नाही आणि काचघर माझं होतं.

मग ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला आणि परत आला तो निम्मा, लाकडावर कानस घासल्यासारखा. दवाखान्यात मुलीने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, बाबा, पुन्हा ओढलीत तर मी या घरात पाय ठेवणार नाही. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मान हलवून शब्द दिला. डॉक्टरांनी विचारलं, मान हलवली. मी विचारलं नाही, फक्त बघत राहिले, तेव्हा माझ्याकडे बघून सगळ्यात जास्त वेळ मान हलवली.

पुढच्या वसंतात त्यांना निवृत्त होऊन काही महिने झाले होते आणि घरात बसून ते भिंतीसारखे झाले होते. एक दिवस मी रोपं उचलून कपांत लावत होते. हे नेहमीसारखे दारात आले, आणि पहिल्यांदाच वाडग्याकडे हात नेला, म्हणजे आत येऊ का असं विचारण्याची ती त्यांची रीत. मी उठले आणि वाडगा बाजूला सरकवला. मी म्हटलं, "तुम्हाला नको आता. तुमचे हात माझ्यासारखेच."

ते हात पुढे धरून तसेच उभे राहिले, शाळेत नखं दाखवायला उभं राहतात तसे. मग आत आले. तेव्हापासून दुसऱ्या कुणाला मिळाली नाही ती सूट ह्यांना होती, आणि ते ती मिरवायचे. गिऱ्हाईक वाडग्यापाशी हात बुडवत उभं असलं की हे मुद्दाम त्याच्या बाजूने, कोरड्या हातांनी आत यायचे. बोलायचे काही नाहीत. पण चेहरा असा, जणू सरकारने काही लावलंय छातीवर.

काम त्यांना मी एकच दिलं, आणि तेच आमच्या मुळावर आलं. काचेच्या आत वारा नसतो. वारा नसला की रोप नुसतं वर पळतं, खोडात ताकद येत नाही, आणि बाहेर लावलं की पहिल्या वाऱ्यात आडवं होतं. म्हणून रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवायचा, एकदा इकडून, एकदा तिकडून. रोप हलतं, त्याला वाटतं वारा आहे, आणि ते खोड जाड करतं. हे काम ह्यांच्या हाताला इतकं छान बसलं की विचारू नका. मोठं स्टिअरिंग फिरवलेले रुंद तळहात, आणि घाई म्हणून नाही. रोज सकाळी दारापासून शेवटच्या फळीपर्यंत, एकही रोप न चुकवता. त्यामुळेच या वर्षी एकही रोप वाचलं नव्हतं.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. तिथे खिडकीत एक ट्रे होता. फळीवर जागा उरली नाही म्हणून उरलेलं बी मी तिथे पेरलं होतं. तेच बी, तीच माती, तेच पाणी. स्वयंपाकघराची खिडकी माझी, तिकडे ह्यांचा हात जात नाही. मी हात न लावता वाकून एकेक पान पाहिलं. स्वच्छ, हिरवंगार, एकही चट्टा नाही. खोडं थोडी बारीक होती, कारण त्यांच्यावरून कुणी हात फिरवला नव्हता.

आता आणखी काय पुरावा हवा होता.

हे टेबलाशी चहा घेत बसले होते. मी चट्ट्यांचं एक पान त्यांच्या कपाशेजारी ठेवलं.

"हे काय आहे माहितीये?"

त्यांनी चष्मा लावला. पान पाहिलं. कप खाली ठेवला.

"तुम्ही पुन्हा ओढायला लागलात?"

"नाही," ते म्हणाले.

"खरं सांगा."

"नाही ओढली."

"मग तंबाखूला हात लावलात की नाही, तेवढं सांगा."

यावर त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. पानाकडे बघत राहिले. या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. ते खोटं बोलत नाहीत, गप्प बसतात, आणि गप्प बसण्याचा अर्थ मी जन्मभर बरोबर लावत आले आहे. तसाच आताही लावला; आधीचं ‘नाही’ रागात कानावरूनच गेलं. माझ्या डोळ्यांसमोर तो दवाखान्याचा पलंग आला, नळ्या आल्या, घशाला गुंडाळलेली ती पांढरी पट्टी आली. ज्या रात्री मी स्टुलावर बसून काढल्या होत्या त्या आल्या. हे सगळं पुन्हा करायचं? आणि कशासाठी, तर दोन झुरक्यांसाठी?

मी फोन उचलला आणि मुलीला लावला. स्पीकर चालू केला, ह्यांना ऐकू जावं म्हणून. सांगितलं, तुझ्या बाबांनी पुन्हा सुरू केलंय. रोपांवर दिसलंय. कबूल करत नाहीत, तंबाखूला हात लावला का विचारलं की गप्प बसतात. मुलगी म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, आई. आता मला त्यांच्याशी बोलायचं नाही." आणि फोन ठेवला. हे उठले, कप विसळला, पालथा घातला आणि बाहेर अंगणात जाऊन बाकावर बसले. मी खिडकीतून बघत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मला त्या पाठीचा इतका राग आला की हातातलं फडकं मी सिंकमध्ये आपटलं.

दुपारी शाळेचे मास्तर आले. शाळेच्या बागेसाठी दर वसंतात ते माझ्याकडून रोपं नेतात. सवयीने त्यांनी बाही वर केली, हात धुतले आणि दुधात बुडवले. मी त्यांना दारातच अडवलं. सांगितलं, या वर्षी रोपं नाहीत. ते माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले की एवढी तर दिसतायत, आणि चांगली धिप्पाड दिसतायत. थोडे डाग असले म्हणून काय झालं, मुलांच्या बागेला चालतील.

"तुमच्या बागेत लावलीत तर वांगी जातील, मिरच्या जातील, शेजाऱ्यांची झाडं जातील," मी म्हटलं. "एकही रोप इथून बाहेर जाणार नाही."

ते म्हणाले, पण झालं कशाने? आणि मी, मी म्हणजे नाकावर राग घेऊन फिरणारी बाई, बाकाकडे बोट केलं.

"त्यांना विचारा. त्यांच्या हातांनी झालंय."

मास्तर बिचारे ओशाळले. त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना, दूध गळत होतं. हे बाकावरून उठले, मास्तरांकडे बघून मान लववली आणि घरात गेले. जाताना त्यांनी काचघराकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं मास्तरांसमोर बोलून माझं मन हलकं होईल. ते झालं नाही, उलट आणखी पित्त खवळलं, आणि मी आत जाऊन ह्यांचे कपडे तपासायला घेतले.

ड्रायव्हरचा जुना गणवेशाचा कोट दारामागे टांगलेला असतो. निवृत्त झाल्यावर मी तो टाकायला निघाले होते, ह्यांनी टाकू दिला नाही. सकाळी गारवा असतो म्हणून काचघरात येताना तोच अंगात घालून येतात. आतल्या खिशात माझ्या बोटांना ते लागलं. पाकीट. मऊ पडलेलं, कोपरे झिजलेलं, वरची अक्षरं घासून गेलेली.

हे पलंगावर बसले होते. मी पाकीट त्यांच्या मांडीवर टाकलं.

"हे काय?"

त्यांनी पाकीट उचललं नाही. मीच उचललं, उघडलं आणि सगळं चादरीवर ओतलं. शिव्या तोंडात तयार होत्या. पण जे बाहेर पडलं ते मला आधी नीट कळलंच नाही. सिगारेटी होत्या, पण सिगारेटींसारख्या दिसत नव्हत्या. कागद मळून राखाडी झालेला, जागोजागी चुरगळलेला, टोकांतून तंबाखू सांडत असलेली. एक मधून मोडली होती, तिला चिकटपट्टी लावली होती, दवाखान्यात जखमेला लावतात ती. आणि एकाही सिगारेटचं टोक काळं नव्हतं. एकही कधी पेटलेली नव्हती. पाकिटावरचं अर्धवट पुसलेलं चित्र मी ओळखलं. ऑपरेशनला जाताना त्यांच्या खिशात हेच पाकीट होतं. हा ब्रँड नंतर दुकानात मिळेनासा झाला.

"ओढली नाही," ते म्हणाले.

"मग करता काय यांचं?"

"धरतो." त्यांनी दोन बोटं आणि अंगठा जवळ आणून हवेत फिरवले. "अशी फिरवतो. नाकाशी नेतो. ठेवून देतो."

"कधी?"

"सकाळी. तुझा चहा होईपर्यंत."

म्हणजे रोज. म्हणजे रोज सकाळी सिगारेट बोटांत फिरवायची, खिशात ठेवायची आणि त्याच बोटांनी माझ्या रोपांना वारा द्यायला यायचं. आधी कागद शाबूत होता, या वर्षी तो फाटून तंबाखू बोटांना लागायला लागली होती.

"हात धुवायचो," ते म्हणाले. "साबणाने. चांगला चोळून."

"आणि दूध? बाहेर अख्खा वाडगा भरून ठेवलेला असतो. त्यात बुडवले असतेत तर हात झिजले असते?"

तो कानस घासल्यासारखा आवाज आला.

"बुडवले असते तर तू विचारलं असतंस, का म्हणून."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही. मी आणखी चिडले. हा माणूस तीन वसंत रोज मोहाशी झटत होता, जिंकत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी समजत होते की सोडली म्हणजे सुटली. मी वाडगा बाजूला सरकवला तेव्हा त्यांना केवढं मोठं काही दिलंय असं मला वाटलं होतं, आणि खरं तर मी त्यांचं तोंड बंद केलं होतं. हेही मला तिथेच कळलं आणि त्याचाही मला रागच आला. ओढली असतीत तर बरं झालं असतं, मी म्हणाले. निदान माझ्या रागाला जागा तरी राहिली असती. आता मी चिडू कुणावर?

"माझ्यावरच चीड," ते म्हणाले. "रोपं माझ्यामुळेच गेली."

"ती गेलीच. त्याचं मी नंतर बघते. पण सकाळी मी विचारलं तेव्हा हे सांगायला काय झालं होतं? पोरीने फोन आपटला, मास्तरांसमोर मी तुमची शोभा केली, आणि तुम्ही तोंडात गुळणी धरून बसलात."

ते म्हणाले, "तू विचारलंस हात लावला का. लावला होता."

मी फोन उचलला. मुलीने लगेच घेतला नाही. घेतला तेव्हा मी तिला एका दमात सांगितलं, ओढली नाहीत, एकही नाही, पाकीट माझ्यासमोर पडलंय, एकीचंही टोक जळलेलं नाही, मी चुकीचं बोलले. तिने विचारलं, मग रोपांना कसं झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना दे." मी फोन त्यांच्या कानाला लावला आणि खोलीबाहेर गेले. ती काय बोलली मला माहीत नाही. आतून ह्यांचं फक्त "हं" ऐकू आलं, थोड्या वेळाने पुन्हा "हं", आणि मग नाक ओढल्याचा आवाज.

रोपं आम्ही दुसऱ्या दिवशी उपटली. खतात टाकून चालत नाही, खतातून रोग पुन्हा येतो. म्हणून मागच्या मोकळ्या जागेत जुन्या ड्रममध्ये वाळकी लाकडं पेटवली. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या. ते म्हणाले, माझ्या हातची आहेत. आणि दारापासून सुरुवात केली, रोज करायचे तशीच, ओळीने, एकही न चुकवता. फक्त आज हात फिरवायचा नव्हता, उपटायचं होतं. काय खोडं झाली होती ती. मुळांनी कपाची माती अशी घट्ट धरलेली की झटकावी लागत होती. इतकी सुंदर रोपं माझ्या काचघरात आजवर झाली नव्हती, आणि ती मी आगीत टाकत होते. टाकताना मी सतत शिव्या देत होते, तंबाखूला, सिगारेटी करणाऱ्यांना, विकणाऱ्यांना, शेवटच्या थांब्याला, ज्याने ह्यांना पहिली दिली त्या कुणा मित्राला, सगळ्यांना. ओल्या पानांमुळे आग नीट धरत नव्हती, नुसता धूर होत होता. त्याचाही राग आला.

शेवटचा ट्रे रिकामा झाला तेव्हा ह्यांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढलं. मी मागितलं नव्हतं. त्यांनी ते एकदा हातात तोललं आणि ड्रममध्ये टाकलं. क्षणभर काही झालं नाही. मग कागद पेटला आणि तो वास आला, इतक्या वर्षांच्या घराचा वास, बसचा, ह्यांच्या सदऱ्यांचा. वारा फिरला आणि धूर सरळ आमच्या अंगावर आला. मला खोकला लागला. हे मात्र दोन पावलं मागे सरले, तोंड फिरवलं आणि धूर विरेपर्यंत श्वास धरून उभे राहिले. त्यांची मान ताठ होती. हात खाली सोडलेला होता, आणि त्याची दोन बोटं आणि अंगठा एकमेकांवर फिरत होते. बोटांत काही नव्हतं.

मग आम्ही ट्रे ब्लीचने धुतले, फळ्या धुतल्या, तावदानांच्या चौकटी घासल्या, जुनी माती बाहेर काढली. कोटही उकळत्या पाण्यातून काढला. मी पुन्हा बी पेरलं, उशीर झालेला असूनही. जी पुढे लागतील ती लागतील. या हंगामाची गिऱ्हाइकं तर गेलीच होती. शिल्लक होता तो स्वयंपाकघराच्या खिडकीतला एक ट्रे. तो मी मास्तरांच्या शाळेला द्यायचं ठरवलं. त्याची खोडं बारीक होती आणि बाहेर लावायच्या आधी ती काटक व्हायला हवी होती. दिवसा थोडा वेळ अंगणात, मग रोज थोडा जास्त, उन्हाची आणि वाऱ्याची सवय लावत लावत. आणि सकाळी वरून हात फिरवायला हवा होता.

तो हात कुणाचा, यावर आमच्यात बोलणं झालं नाही; तेवढे दिवस तो मीच फिरवला. मी माफी मागितली नव्हती. अजून मागितलेली नाही, आणि मला आलेला राग अजून आहे. तीन वसंत मला काही सांगितलं नाही, हे मी इतक्या सहजी सोडणार नाही.

ट्रे न्यायला मास्तर आले त्या सकाळी थंडी सरलेली होती आणि काचघराचं दार मी मोकळं ठेवलं होतं. ट्रे आत फळीवर होता, शेवटचा हात फिरवायचा बाकी होता. मास्तर वाडग्यापाशी बाह्या सरसावत उभे होते. एवढ्यात मागून हे आले. पूर्वीसारखे बाजूने आत गेले नाहीत. मास्तरांच्या मागे, रांगेत उभे राहिले.

मास्तरांनी हात बुडवले, वळून पाहिलं आणि गोंधळले. "तुम्हालाही?"

"मलाही," हे म्हणाले.

त्यांनी वाकून दोन्ही हात मनगटापर्यंत दुधात घातले. घाईने काढले नाहीत. बोटं पसरून, उलटसुलट करून, ड्रायव्हिंगचे गट्टे पडलेले ते तळहात सगळीकडून भिजेपर्यंत तसेच ठेवले, आणि मग माझ्याकडे न बघता बाजूला झाले. मास्तर जमिनीकडे बघत होते. मी दारात होते, कोरड्या हातांनी. इतक्या वर्षांत त्या वाडग्यात मी कधीच हात घातला नव्हता.

मी बाह्या वर केल्या. दूध गार होतं. मी हात मनगटांच्या वरपर्यंत भिजवले आणि काढले, आणि त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. मग आम्ही दोघं हात वर धरून आत गेलो, कोपरांवरून दूध गळत होतं, आणि मागे दार लोटायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.